फूक लायमधलं जिन्याखालचं टेबल

"किती?" लामबाईंनी दारातच विचारलं.

"दोन," हरेश्वर म्हणाला.

"दोनचं टेबल नाय भेटनार. गोल टेबलाला बस."

"बाई, आम्हाला जरा बोलायचंय. कोपऱ्यात कुठं जागा असली तर..."

"जेवायला आलंस का बोलायला? बोलायचं असंल तर चौपाटीवर जा."

फूक लाय हे बझारगेटच्या एका बोळातलं जुनं कँटनी हॉटेल. दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीपासूनचं. आसपासच्या ऑफिसांतली माणसं त्याला प्रेमानं 'फुकट' म्हणायची, कारण तितक्या पैशांत तितकं पोटभर जेवण फोर्टात दुसरीकडं कुठं मिळत नसे. संगमरवरी गोल टेबलं, बसलं की न मागता आदळलेली बिनदुधाच्या चहाची किटली, काचेच्या कपाटात टांगलेली भाजकी बदकं, आणि लामबाईंचा तोंडपट्टा. तो आवडत नसेल त्यानं उडप्याकडं जावं. बाई जन्मानं माझगावच्या. मराठी शिकल्या भाऊच्या धक्क्यावर, कोळणींशी घासाघीस करता करता. त्यामुळं त्यांच्या तोंडून मराठी निघायची ती धक्क्यावरची.

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. मी टेलिफोन खात्यात होते. हरेश्वर तांडेल तिथंच इंजिनियर होता. वर्सोव्याचा कोळी. दोन वर्षं आमचं जमलं होतं आणि चार महिने घरात युद्ध चाललं होतं. आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहायचो. आमच्या खांबेटे कुळात लसूणसुद्धा चोरून खावा लागे. माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, त्यांनी एकदाच सांगितलं होतं, "ज्या घरात मासे शिजतात त्या घरात माझी मुलगी जाणार नाही." त्यानंतर त्या विषयावर ते माझ्याशी बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी, रविवारी, नागपूरहून मुंबईत येऊन उतरलेली मंडळी मला बघायला यायची होती.

म्हणून त्या शनिवारी, अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटल्यावर, आम्ही शेवटचं काय ते ठरवायला फूक लायला आलो होतो. हॉटेल मीच निवडलं होतं. आमच्या ओळखीचं कुणी तिथं येणं शक्यच नव्हतं.

लामबाईंनी हरेश्वरच्या दंडाला धरून आम्हाला पार मागं नेलं. माडीवर जाणाऱ्या जिन्याखाली एक गोल टेबल होतं. तिथं कुणी गृहस्थ वर्तमानपत्र उघडून बसले होते. टेबलावर त्यांच्यासमोर अख्खं वाफवलेलं पापलेट, वर आल्याचे आणि कांद्याच्या पातीचे बारीक काप. शेजारच्या खुर्चीवर काळी टोपी नीट घडी करून ठेवलेली.

त्या टोपीकडं माझं लक्ष गेलं आणि मी जागीच थबकले. त्या काळी ऑफिसात काळी टोपी घालून जाणारे फार थोडे उरले होते. त्यातून तिच्या कडेला निळ्या दोऱ्यानं घातलेले टाके मीच घातले होते, काळा दोरा संपला होता म्हणून.

वर्तमानपत्र खाली आलं. आमच्या तात्यांच्या हातात दोन काड्या होत्या, आणि काड्यांत पापलेटाचा तुकडा.

तुकडा हवेत तसाच होता. मग तात्यांनी जे केलं ते त्यांच्याच्यानं कसं झालं, मला आजही नवल वाटतं. त्यांनी तो तुकडा शांतपणे तोंडात घातला, चावला, गिळला, आणि खुर्चीवरची टोपी उचलून मांडीवर घेत म्हणाले,

"या. बसा. जागा आहे."

परक्या माणसाला म्हणावं तसं.

"आभारी आहे, काका," हरेश्वर म्हणाला आणि बसला. त्यानं तात्यांना कधी पाहिलंच नव्हतं. भेटायला दोनदा आला होता ठाण्याला, दोन्ही वेळा तात्यांनी आतून निरोप पाठवला होता, घरी नाहीत म्हणून.

मी बसले. दुसरं करणार काय? "हे माझे वडील" म्हणावं तर तात्यांच्या ताटात मासा, आणि न म्हणावं तर... मी चहा ओतून घेतला. अर्धा बशीत सांडला.

हरेश्वरनं भात, नूडल्स आणि कोळंबी मागवली. मग माझ्याकडं झुकून हलक्या आवाजात म्हणाला, "मग? उद्याचं काय?"

त्याचा हलका आवाज म्हणजे दर्यावरचा हलका आवाज. तीन टेबलांना ऐकू गेला असेल. मी टेबलाखालून त्याला पाय मारला.

"लाथ का मारतेस?" तो म्हणाला.

तात्या खोकले. रुमालानं ओठ टिपले. "काही अडचण आहे का?" ते म्हणाले. "नाही, मी आपला त्रयस्थ माणूस. पण कधीकधी त्रयस्थाला सांगितलेलं बरं असतं."

त्यांच्या या धिटाईपुढं मी हात टेकले. आणि हरेश्वरला तर बोलायला माणूस हवाच होता.

"अडचण म्हणजे काका, हिचे वडील."

"असं. कसे आहेत वडील?"

"पाहिलं नाही मी. पण ऐकून आहे. भलते कडक. मासेवाली शेजारून गेली तर आंघोळ करतात म्हणे."

"अतिशयोक्ती असेल," तात्या पटकन म्हणाले.

"नाही काही," मी म्हणाले. एव्हाना माझी भीती थोडी मागं पडली होती आणि चार महिन्यांचा राग वर आला होता. "गेल्या चातुर्मासात आईनं आमटीला चुकून लसणाची फोडणी दिली. पातेलं अंगणात ठेवलं होतं दोन दिवस."

तात्यांनी ताटातल्या पापलेटाकडं पाहिलं. पापलेटानं त्यांच्याकडं पाहिलं.

"आपलं नाव काय, बाई?" त्यांनी मला विचारलं.

"वैजयंती."

"छान नाव आहे."

"वडिलांनी ठेवलंय."

"मग अगदीच वाईट नसावेत."

हरेश्वर हसला. मला हसू आलं नाही, पण येऊ घातलं होतं, ते मी चहाबरोबर गिळलं.

"आणि तुम्ही काय ठरवलंत?" तात्यांनी हरेश्वरला विचारलं. "हल्ली मुलं सरळ रजिस्टर करतात. दोन साक्षीदार, की झालं."

"हीसुद्धा तेच म्हणते. मीच तयार नाही."

"का?"

मलाही त्याचं खरं कारण माहीत नव्हतं. दोन महिने मी त्याला विचारत होते आणि तो 'बघू' म्हणत होता. खरं सांगायचं तर तो कच खातोय असंच मला वाटू लागलं होतं. आज त्याच्याकडून एक काहीतरी वदवून घ्यायचं आणि नसेल हिंमत तर उठून जायचं, असं मी मनाशी ठरवूनच आले होते.

हरेश्वरनं कप बाजूला सारला.

"माझी मोठी बहीण पळून जाऊन लग्न करून बसली," तो म्हणाला. "मुलगा चांगला होता, आता सगळं झकास आहे. पण माझे वडील म्हणजे काका, होडीवर जन्म गेलेला माणूस. वादळाला भ्यायला नाही कधी. ताई गेल्यावर ते जेवायला बसले की दाराकडं तोंड करून बसायचे. आधी भिंतीकडं बसायचे. कुणाला काही बोलले नाहीत, आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. नुसते दाराकडं तोंड करून जेवायचे. वर्षभर. मग ताई आली बाळ घेऊन, तेव्हा पुन्हा भिंतीकडं बसायला लागले. आता मला सांगा, ते वर्ष त्यांना परत कुठनं आणून द्यायचं? हिचे वडील मला आवडोत न आवडोत, माझ्यापायी दुसऱ्या कुणाच्या बापानं तसं जेवायला बसावं, ते मला नको."

तात्यांनी काड्या खाली ठेवल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुसून काही उपयोग झाला नसावा, कारण लगेच पुन्हा काढला.

तेवढ्यात लामबाई आमचं जेवण घेऊन आल्या. हरेश्वरच्या कोपराला धक्का देऊन त्यांनी ताटल्या आदळल्या. "कोपर खाली घे. टेबल तुझ्या बापाचं हाय?" मग तात्यांकडं वळल्या आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "साहेब, चहा गार झाला. दुसरा आनते."

हरेश्वर गप्प बसणाऱ्यांतला नव्हे. "बाई, आमच्यावर ओरडता आणि काकांशी गोड बोलता, हा काय न्याय?"

"ह्या मानसाची बात वेगली हाय."

"बाई, राहू द्या," तात्या म्हणाले.

"काय ऱ्हाऊ दे? माझं हॉटेल हाय, मी बोलनार." त्यांनी किटली टेबलावर ठेवली आणि कमरेवर हात ठेवले. "बासष्टला लढाई लागली, ठावं हाय? माझा जनम माजगावचा. नवऱ्याचा जनम माजगावचा. पन लोकांना तोंड दिसतं, जनम नाय दिसत. गिराईक बंद. पोरांना शालेत नाय पाठवलं. एक दिस समोरची काच फोडली. आमी बोललो, आता दुकानाला टालं लावायचं.

"हा साहेब तवा शनवारी यायचा. हिथं, जिन्याखाली बसायचा, लपून, चोरावानी. त्या शनवारी आला. हॉटेलात मानूस नाय. मी रडत होती. हा बोलला, बाई, आज मना खिडकीत बसवा. मी बोलली, साहेब, काच फुटली हाय. बोलला, तितंच बसवा. टोपी घालून बसला. अख्खा मासा मागवला आनी खाल्ला, सावकाश, सगल्या रस्त्याला दिसंल असा. लोकं उभी ऱ्हाऊन बगत होती. बामन चिन्याच्या हॉटेलात मासा खातो! दुसऱ्या दिशी परत आला. तिसऱ्या दिशी परत. महिनाभर रोज. मंग गोदीतला एक कारकून आला, त्याच्या बाजूला बसला. मंग दोन पारशी आले. मंग हॉटेल चालू ऱ्हायलं." त्यांनी किटली उचलली. "आता बोल, तुझ्याशी गोड बोलू?"

त्या गेल्या. जिन्याखाली आम्ही तिघं उरलो.

बासष्ट साली मी दहा वर्षांची होते. त्या दिवाळीच्या सुमारास तात्या महिनाभर रोज उशिरा घरी यायचे आणि जेवत नसत, पोट बरं नाही म्हणायचे, एवढं मला आठवत होतं. आई त्यांना ओव्याचं पाणी करून द्यायची. ते निमूट प्यायचे.

"तात्या," मी म्हणाले.

हरेश्वरनं माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं, मग टोपीकडं. "तात्या?" तो म्हणाला, आणि असा झटक्यात उठला की त्याची खुर्ची मागच्या टेबलावर जाऊन आपटली.

"बस रे बाबा," तात्या म्हणाले. "ती बाई पुन्हा येईल."

तो बसला. कानाच्या पाळ्या लालबुंद. "मी... तुम्हाला कडक म्हणालो."

"आणखीही बरंच म्हणालास. बरं केलंस."

"तात्या, हे कधीपासून?" मी विचारलं.

"शेहेचाळीस सालापासून. आमच्या कंपनीच्या जहाजावरचा एक कप्तान मला इथं घेऊन आला. नाही म्हणायची सोय नव्हती, नवी नोकरी. पहिला घास भीतीनं खाल्ला, दुसरा आवडीनं. पुढच्या घासांना कारण लागलं नाही." ते जरा थांबले. "घरी सांगायचं धाडस झालं नाही. माझे वडील होते तेव्हा. ते गेल्यावर सांगता आलं असतं, पण तोवर सवय लागली होती लपवायची. आणि जितकं लपवत गेलो तितका घरात कडक होत गेलो. चोरट्या भक्तानं देवळात जोरानं घंटा वाजवावी, तसं."

"फुटक्या काचेसमोर बसलात तुम्ही," मी म्हणाले. "लामबाईंसाठी. तेव्हा सगळ्या फोर्टानं बघितलं तरी चाललं तुम्हाला. आणि माझ्या लग्नाला पाटावर बसायचं तर ठाण्यातली चार माणसं काय म्हणतील!"

तात्यांनी काड्यांची टोकं जुळवली. मग पापलेटाची ताटली त्यांनी हरेश्वरकडं सरकवली.

"घे," ते म्हणाले. "गालाजवळचा भाग सगळ्यात चांगला असतो म्हणतात. तुला मी काय सांगायचं म्हणा."

हरेश्वरनं काड्या बाजूला ठेवून बोटांनीच तो नाजूक तुकडा काढला. आणि स्वतः न खाता तात्यांच्या ताटात ठेवला. तात्यांनी मान खाली घालून तो खाल्ला. माझं लग्न ठरलं, ते त्या क्षणी. होकार वगैरे शब्द कुणी उच्चारलाच नाही.

बोरीबंदरवर गाडीत बसल्यावर तात्या म्हणाले, "वैजू, नागपूरकरांना मी नकार कळवतो. पण तुझ्या आईला हे... म्हणजे माझं..."

"तुम्हीच सांगायचं," मी म्हणाले.

ठाणं येईपर्यंत ते मनातल्या मनात काहीतरी घोकत होते. ओठ हलत होते.

आई पडवीत मेथी निवडत बसली होती. तात्यांनी टोपी खुंटीला लावली आणि तिच्यासमोर खाली चटईवर बसले. ते असे खाली बसलेले पाहूनच तिच्या भुवया वर गेल्या.

"मी मासे खातो," तात्या म्हणाले. गाडीत घोकलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे.

आईनं एक जुडी संपवली. "कधीपासून?"

"आपल्या लग्नाआधीपासून."

"आणि मला आज सांगताय."

"हो."

"कुठं खाता?"

"फोर्टात. एक चिनी हॉटेल आहे."

"एकटेच जाता?"

"एकटाच."

आईनं मेथीच्या काड्या गोळा केल्या, उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचे असे आवाज यायला लागले की तात्या माझ्याकडं बघायला लागले. मी आकाशाकडं बघायला लागले. थोड्या वेळानं ती पदर खोचून बाहेर आली.

"इतकी वर्षं एकटे जेवायला गेलात," ती म्हणाली. "सिनेमाला कधी एकटे गेला नाहीत, देवळात कधी एकटे गेला नाहीत, आणि जेवायला एकटे! पुढच्या शनिवारी मी येणार. बघते तरी काय आहे तिथं एवढं. आणि त्या मुलालाही बोलवा. दोनदा दारातून परत गेलाय तो, मी खिडकीतनं बघितलंय. देखणा आहे."

"बरं," तात्या म्हणाले.

"नागपूरच्या मंडळींना कळवलंत?"

"कळवतो."

"कळवतो नाही. शेजारी लेल्यांकडं टेलिफोन आहे. आत्ता जा."

तात्या चप्पल घालून तसेच बाहेर पडले, डोक्यावर टोपीसुद्धा न घालता.

पुढच्या शनिवारी आई जांभळं इरकल नेसून बझारगेटच्या बोळात आली. लामबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, तिनं लामबाईंना. दोघींपैकी कोण पहिली नजर वळवते ते बघायला मला आणि हरेश्वरला फार मजा वाटली. मग लामबाईंनी खिडकीतलं टेबल स्वतःच्या पदरानं पुसल्यासारखं केलं (पदर नव्हता, झगा होता) आणि म्हणाल्या, "बसा आई."

आईसाठी त्यांनी भात आणि हिरव्या पाल्याची भाजी आणली. लसूण न घालता. हे तात्यांनी आधीच येऊन सांगून ठेवलं होतं. आमच्यासाठी अख्खा मासा. "आज पापलेट नाय. बोय हाय," त्यांनी बजावलं. "काटा जास्ती. संभालून."

तात्यांची काड्यांनी धडपड सुरू झाली. दर घासाला ते तोंडातून एकेक काटा काढत होते. हरेश्वर त्यांना काटा कसा धरायचा ते दाखवत होता. आई आपल्या भाजीतला पाला इकडून तिकडं करत रस्त्याकडं बघत होती. मग कुणाकडं न बघताच म्हणाली,

"ते जरा इकडं सरकवा."

"अगं, काटे आहेत भरपूर," तात्या म्हणाले. "सवय नसली की घशात..."

आईनं ताटली ओढून घेतली. शेपटीकडून अंगठ्यानं हलकेच दाबत ती वर डोक्यापर्यंत गेली, बोटांनी एकदा चाचपलं, आणि मधला अख्खा काटा, फणीसारखा, एकही दात न मोडता उचलून ताटाच्या कडेला ठेवला. मग मऊ तुकडा भातात कालवून तिनं घास घेतला. अगदी सवयीनं, डोळे रस्त्यावरच.

हरेश्वरचा घास हातात राहिला. "काकू," तो म्हणाला, "बोयचा काटा असा काढायला आमच्या वाड्यातल्या पोरींनासुद्धा वर्षं लागतात."

"आचऱ्याला माहेर माझं," आई म्हणाली. "घराच्या मागं समुद्र होता."

"मग?"

"पुढच्या दारी माझे वडील बसायचे जप करत. मागच्या दारी शेजारची कृष्णाई बसायची चूल पेटवून. आम्ही बहिणी मागच्या दारी असायचो."

तात्यांच्या हातातून एक काडी घरंगळून खाली गेली. त्यांनी ती उचलली नाही. "आणि हे तू मला इतक्या वर्षांत कधी..."

"तुम्ही विचारलंत कधी?"

तात्यांना हसू यायला लागलं. आधी नुसते खांदे हलले, मग चष्मा काढावा लागला, मग त्यांनी टेबलावर हातच मारला, आणि जाणारा-येणारा माणूस खिडकीशी थांबून आत डोकावायला लागला.

"पुरे," आई म्हणाली आणि दुसरा काटा उचलून कडेला ठेवला. "खा आता. बोय गार झाली की चांगली लागत नाही."